फोन टॅपिंगचा आदेश: कागद कुठून कुठे जातो आणि कुठे अडायला हवा

सनदशीर

सरकारने फोन ऐकावेत की नाही, हा वाद इथे अनेकदा झालाय आणि दर वेळी गाडी राजकारणावर घसरलीय. म्हणून या धाग्यात फक्त प्रक्रिया घेऊ: आदेश कोण काढतं, किती दिवसांचा असतो, तपासतं कोण आणि चुकतं कुठे. पक्ष आणि नेते बाहेर ठेवूया.

पायापासून सांगतो. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२) हा इतकी वर्षं मुख्य आधार होता. त्यात दोन पायऱ्या आहेत आणि बहुतेक लोक पहिली विसरतात. आधी 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' यांपैकी एक परिस्थिती असायला हवी. ती असेल तरच पुढच्या पाच कारणांपैकी एक लागू करता येतं: सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि गुन्ह्याला चिथावणी रोखणं. नुसतं 'तपासासाठी हवंय' हे कारण या यादीत नाही.

पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ला निकाल दिला. त्यात म्हटलं, की आणीबाणी किंवा सुरक्षिततेचा प्रश्न ही काही गुपित परिस्थिती नसते, कोणाही समंजस माणसाला ती दिसायला हवी. मात्र कायद्यात तरतूद नसताना आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, असं सांगायला न्यायालयाने नकार दिला आणि सगळा भार गृहसचिव व आढावा समितीवर टाकला. आजचा ढाचा तिथूनच आलाय. टेलिग्राफ नियमांतला टॅपिंगचा नियम ४१९अ २००७मध्ये सविस्तर झाला. २०२३च्या दूरसंचार कायद्याचं कलम २०(२) २६ जून २०२४पासून लागू झालं आणि त्याखालचे नवे नियम ६ डिसेंबर २०२४ला आले. कलमाचा गाभा तोच राहिला. १८८५ साली घातलेली पहिली पायरी २०२३च्या कायद्यातही टिकली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

वाचनमात्र

वाचतोय. एक शंका. पोलीस 'सीडीआर काढला' म्हणतात तेही टॅपिंगच का?

टॉवरखाली

नाही. दोन्ही पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

सीडीआर म्हणजे कॉलची नोंद. एका ओळीत कोणी केला, कोणाला केला, तारीख, वेळ, किती सेकंद, हँडसेटचा आणि सिमचा ओळखक्रमांक (आयएमईआय, आयएमएसआय), कॉल सुरू होताना टॉवरचा कुठला सेल आणि संपताना कुठला, एवढं असतं. आवाज नसतो. हा झालेल्या गोष्टींचा हिशेब आहे. कंपन्यांनी तो निदान दोन वर्षं ठेवायचा असतो, डिसेंबर २०२१च्या परवाना-दुरुस्तीआधी ही मुदत एक वर्ष होती. टॅपिंगमध्ये चालू संभाषण वळवून ऐकलं जातं. आदेशाच्या आधीचं बोलणं त्यातून मिळत नाही, कारण ते कंपनीकडे साठवलेलंच नसतं.

सीडीआरला गृहसचिवाची सही लागत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम ९१, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ९४ खाली लेखी मागणी जाते. प्रत्यक्षात ती पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अधिकृत मेलवरून जाते. म्हणजे दार कितीतरी हलकं आहे. आणि गळतीही इथेच जास्त होते: २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकण्याचं रॅकेट पकडलं तेव्हा खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती.

माझं मत असं, की महिनाभराचा सीडीआर दहा कॉलच्या आवाजापेक्षा जास्त सांगून जातो. रात्री बारा ते सहा फोन कुठल्या सेलवर असतो यावरून घर कळतं. दर मंगळवारी दुपारी तासभर तो एकाच रुग्णालयाच्या सेलवर असेल तर आजारपणाचा अंदाज येतो. 'यात फक्त नंबर असतात' म्हणून याला हलकं लेखू नये.

काळाकोट

सनदशीर, चांगली मांडणी. आता आदेशाचा प्रवास टप्प्याटप्प्याने लिहितो. वकील मित्रांनी हे पाठच करावं.

मागणी तपास यंत्रणेकडून निघते. केंद्रात केंद्रीय गृहसचिव आणि राज्यात राज्याचे गृहसचिव आदेश काढतात. अगदीच अपरिहार्य असेल तर रीतसर अधिकार दिलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी काढू शकतो. आदेशात कारणं लिहायची असतात, आणि माहिती दुसऱ्या वाजवी मार्गाने मिळाली असती का, याचा विचार करायचा असतो. मुदत ६० दिवस. वाढवता येते, पण एकूण १८० दिवसांच्या पुढे नाही. आदेशाची प्रत सात कामकाजी दिवसांत आढावा समितीकडे जायला हवी. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या खात्याचे एक सचिव अशी तिघांची समिती असते. केंद्रात कॅबिनेट सचिव अध्यक्ष असतात. समितीने दोन महिन्यांतून निदान एकदा बसायचं आणि आदेश कलमाला धरून नसेल तर तो रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगायचं.

तातडी असेल तर आधी ऐकणं सुरू करून मागून मंजुरी घेता येते. राज्यात महानिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी हे करू शकतो. तीन कामकाजी दिवसांत कळवायचं आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी मिळवायची. नाही मिळाली तर ऐकणं तिथल्या तिथे थांबवायचं. २०२४च्या नियमांनी यात एक चांगली भर घातली: असं विनामंजुरी ऐकलेलं पुरावा म्हणूनही वापरायचं नाही आणि दोन कामकाजी दिवसांत नष्ट करून तसं लेखी द्यायचं.

दिवस मोजताना चूक होते, म्हणून उदाहरण देतो. आदेश ५ मार्चचा आहे. मार्चचे २७ दिवस, एप्रिलचे ३० मिळून ५७. उरले तीन. म्हणजे ३ मेच्या रात्री आदेश संपला. आरोपपत्रात ४ मेचा कॉल जोडला असेल आणि मुदतवाढीचा आदेश ६ मेचा असेल, तर मधले दोन दिवस उघडे पडलेत. आरोपपत्रात कॉलच्या उताऱ्यांचा तक्ता असतो. शेजारी आदेशांच्या तारखा लिहून काढा, अर्ध्या तासात कळतं.

खाकीतला

तपासाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो.

२६/११च्या हल्ल्यात दहशतवादी आत होते आणि सीमेपलीकडून त्यांना फोनवर सूचना मिळत होत्या. ते बोलणं हल्ला चालू असताना राज्याच्या एटीएसने टिपलं. कट पलीकडून चालवला गेला हे दाखवणारा तो सर्वांत थेट पुरावा ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑगस्ट २०१२च्या निकालात त्याची सविस्तर चर्चा आहे. त्या रात्री कोणी न्यायाधीशांच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं, असं इथे कोणी म्हणणार नाही. तातडीची तरतूद हवीच.

खंडणीच्या टोळीतही तसंच. दर दोन-चार दिवसांनी सिम बदलतं, कधी हँडसेटही. आदेश एका नंबरचा असतो. नवा नंबर कळेपर्यंत आणि त्यावर नवा आदेश निघेपर्यंत पैसे द्यायची वेळ येऊन गेलेली असते. प्रक्रिया हवी, पण ती धावत्या माणसाला धरता येईल इतकी चपळ हवी.

मृदगंध

खाकीतला, तातडीबद्दल पूर्ण सहमत. पण तातडीचा दरवाजा किती रुंद ठेवायचा, यावर महाराष्ट्रातच एक वेगळं मोजमाप आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. १९९९चा मकोका, म्हणजे राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा.

मकोकाला सगळे कडक कायदा म्हणतात, आणि जामिनाच्या बाबतीत तो आहेच. पण टॅपिंगच्या कागदपत्रांच्या बाबतीत तो सर्वसाधारण कायद्यापेक्षा आरोपीला जास्त देतो. शेजारी ठेवून बघा.

अर्ज तपासावर देखरेख करणाऱ्या किमान पोलीस अधीक्षकाने लेखी करायचा. त्यात इतर मार्ग वापरून झाले का, ते का फसले किंवा फसण्यासारखे आहेत, हे लिहायचं. आढावा समितीने आदेश मिळाल्यापासून दहा दिवसांत तो बघायचा, दोन महिने थांबायचं नाही. तातडीत सुरू करायचं तर अतिरिक्त महासंचालक दर्जा लागतो आणि ४८ तासांत अर्ज. पुरावा म्हणून वापरायचं असेल तर खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला आदेशाची आणि मूळ अर्जाचीही प्रत द्यायची. हे कलम १४मध्ये आहे. अर्जाची प्रत मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण आदेशात 'मी समाधानी आहे' एवढंच असलं तरी समाधान कशावर झालं ते अर्जात दिसतं.

आणि कलम २७. किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, तातडीत किती ऐकलं, त्यातून किती खटले आणि किती शिक्षा, याचा वार्षिक अहवाल वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. सुरक्षेला बाधा येईल तेवढा भाग वगळण्याची मुभा आहे. दूरसंचार कायद्यात अशा अहवालाची सक्तीच नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २००३मध्ये मकोकाची टॅपिंगची कलमं रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००८ला ती पुन्हा वैध ठरवली. संघटित गुन्हेगारीसारख्या सर्वांत अवघड तपासात यंत्रणेला एवढा कागद परवडतो, तर साध्या लाचेच्या प्रकरणात का परवडू नये, असा माझा सरळ प्रश्न आहे.

सनदशीर

मृदगंध, कलम २७ची आठवण काढलीत, मनापासून आभार. आमदारांनी दर मार्चमध्ये हा अहवाल मागायला हवा. त्याला कुठलीही नवी घटनादुरुस्ती लागत नाही.

वाचनमात्र

आढावा समिती आहे तर मग अडचण काय? मुख्य सचिव दर्जाचे लोक बघतात ना?

टॉवरखाली

आकडा बघा. माहिती अधिकारातल्या एका उत्तरात केंद्रीय गृहखात्याने सांगितलं होतं, की एकट्या केंद्राकडून महिन्याला सरासरी ७५०० ते ९००० टेलिफोन टॅपिंगचे आदेश निघतात. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या अहवालाने त्यावरून लिहिलं, की दोन महिन्यांनी बसणाऱ्या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात.

समिती सलग आठ तास बसली, चहालाही उठली नाही असं धरा. आठ तासांचे २८,८०० सेकंद. १८,०००ने भागा. एका आदेशाला १.६ सेकंद. एवढ्या वेळात फाइलचं पान उलटतं, नाव वाचून होत नाही. माणसं कितीही प्रामाणिक असोत, हे काम तीन सचिवांच्या हातून होणारं नाही. शिवाय आदेश काढणारे आणि तपासणारे दोघेही सरकारचेच. ज्याचा फोन ऐकला त्याची बाजू मांडायला त्या खोलीत कोणीच नसतं.

काळाकोट

अगदी. आणि म्हणून खरी तपासणी होते ती वर्षांनंतर, तीही फक्त ज्यांच्यावर खटला झाला त्यांच्याच प्रकरणात.

तीन निकाल लक्षात ठेवा. पहिला मुंबई उच्च न्यायालयाचा, २२ ऑक्टोबर २०१९, न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जामदार. बँक अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याच्या आरोपातले २००९-१०मधले तीन टॅपिंग आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. कारण साधं होतं: ना आणीबाणी होती, ना सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न. २०१७च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, त्यामुळे प्रक्रियेतली चूक आता 'तांत्रिक' म्हणून सोडता येत नाही, असा तो सूर होता.

पुढचे दोन एकाच आठवड्यातले. २६ जून २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं, की भ्रष्टाचाराची आर्थिक व्याप्ती मोठी असेल तर तो सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो. तिथला प्रकल्प २१४९.९३ कोटींचा होता. २ जुलै २०२५ला मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद व्यंकटेश यांनी २०११चा एक आदेश रद्द केला आणि सांगितलं, की करचुकवेगिरीतल्या लाचेसारखा नेहमीचा गुन्हा शोधण्यासाठी हे कलम वापरता येत नाही. कलम एक, अर्थ दोन. माझ्या मते मद्रास आणि मुंबईचा अर्थ कलमाच्या शब्दांना धरून आहे. रकमेवरून सार्वजनिक सुरक्षितता ठरवायची तर किती कोटींपासून, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

खाकीतला

काळाकोट, मोठ्या भ्रष्टाचारात टॅपिंग अजिबात नको, हे मला मान्य नाही. लाच बंद खोलीत दिली जाते, साक्षीदार नसतो. पण तुमचा मुद्दा पोचला: ते हवं असेल तर संसदेने भ्रष्टाचार हे कारण स्वच्छ शब्दांत घालावं. १८८५च्या शब्दांना ताणून तपास केला तर दहा वर्षांनी पुरावाच हातातून जातो आणि नुकसान तपासाचंच होतं.

मृदगंध

इथेच आयटी कायद्याचं कलम ६९ आठवावं. टेलिग्राफच्या कलमातली पहिली पायरी त्यात नाही आणि 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हे कारण मात्र आहे. संगणकात तयार झालेली, पाठवलेली, साठवलेली माहिती त्याखाली येते. २० डिसेंबर २०१८च्या अधिसूचनेने दहा केंद्रीय यंत्रणांना त्याखाली अधिकार दिले. मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे तेच बोलणं साध्या कॉलवर झालं तर एक उंबरठा आणि इंटरनेटवर झालं तर त्याहून खालचा. आज बहुतेक बोलणं दुसऱ्या रस्त्याने जातं, हे लक्षात घेतलं की प्रकरण किती गंभीर आहे ते कळेल.

२०२३च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने मदत होईल अशी आशा होती. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. पण कलम १७(२)(अ)खाली केंद्र सरकार ज्या यंत्रणा अधिसूचित करेल त्यांना हा कायदाच लागू नाही.

वाचनमात्र

प्रत्यक्ष चूक कुठे होते? म्हणजे आदेश बरोबर असूनही?

टॉवरखाली

आदेश आणि कंपनी यांच्या मधल्या टप्प्यात.

आदेश निघाल्यावर पोलीस अधीक्षक किंवा अपर अधीक्षक दर्जाचा अधिकारी तो कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (अशा आदेशांसाठीच नेमलेल्या माणसाकडे) पोचवतो. नोडलने दोन तासांत पोच द्यायची. ४१९अप्रमाणे दर पंधरा दिवसांनी नोडलने मागच्या पंधरवड्यात आलेल्या टॅपिंग आदेशांची यादी यंत्रणेला परत पाठवून 'हे सगळे तुमचेच ना' अशी खातरजमा करून घ्यायची. ही पंधरवड्याची यादी सर्वांत कामाची. बनावट मागणीपत्र घुसवलं असेल तर ते इथेच उघडं पडतं.

चुका दोन प्रकारच्या. पहिली, नंबर. दहा आकड्यांतले दोन उलटसुलट टाइप झाले की भलत्याच घराचा फोन साठ दिवस ऐकला जातो आणि त्या घराला ते कधीच कळत नाही. दुसरी, नाव. आदेशात नंबर खरा असतो पण समोर नाव दुसऱ्याच कोणाचं तरी, गुन्हेगाराचं वगैरे. सही करणारा नाव वाचून सही करतो. यावर उपाय स्वस्त आहे: सहीसाठी फाइल जाण्याआधी कंपनीकडून त्या नंबरचा ग्राहक-अर्ज मागवायचा आणि तो फाइलला जोडायचा. एक पान वाढतं.

केंद्रीय मॉनिटरिंग प्रणालीबद्दल एवढंच, की त्यात वळवण्याचं काम यंत्रणाच थेट करू शकते, कंपनीचा नोडल अधिकारी वाटेत उरत नाही. नंबर फुटण्याचा धोका कमी होतो, हे खरं. पण 'हे पत्र खरं आहे का' असं विचारणारा बाहेरचा एकमेव माणूसही जातो. मग प्रत्येक वळवणीची पुसता न येणारी नोंद आणि ती बघणारा बाहेरचा लेखापरीक्षक असायलाच हवा.

काळाकोट

शेवटी खटल्यात काय मागायचं ते लिहितो, कारण व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) तेच विचारलं जातंय.

आरोपपत्राच्या प्रतींसोबत बीएनएसएस २३०खाली सगळे आदेश मागा, मुदतवाढीचेही. आढावा समितीकडे प्रत कधी गेली आणि समितीने काय ठरवलं ते मागा. आदेशातला नंबर आणि मागणीपत्रातला नंबर आकड्याला आकडा लावून ताडा. आदेशातलं कारण वाचा: कलमातले शब्दच उतरवले असतील आणि या माणसाबद्दल एकही तपशील नसेल तर तो मुद्दा पहिल्याच अर्जात घ्या, युक्तिवादापर्यंत राखून ठेवू नका.

मग प्रमाणपत्र. जालना निवडणुकीच्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२०ला सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला जुन्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६५बचं प्रमाणपत्र लागतंच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. नमुन्यात दोन भाग आहेत, 'अ' पुरावा देणाऱ्याचा आणि 'ब' तज्ज्ञाचा, आणि हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने काढलेला तिचा ठसा) लिहावं लागतं. न्यायालयात दिलेल्या सीडीतल्या फाइलचा हॅश स्वतः काढून ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल ती नव्हे.

सरकार पक्ष १९७२चा मलकानी निकाल पुढे करेल, की पुरावा कसाही मिळवला तरी चालतो. त्यात एका बोलणाऱ्याच्या संमतीने रेकॉर्डिंग झालं होतं, हे न्यायालयाच्या लक्षात आणून द्या. दोघांच्याही नकळत ऐकणं वेगळं.

वाचनमात्र

आणि ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याचं काय?

मृदगंध

त्याला आज काहीच कळत नाही. नोंदी सहा महिन्यांनी नष्ट होतात आणि त्यासोबत तक्रारीचा आधारही. अमेरिकेत १९६८च्या कायद्याप्रमाणे टॅपिंग संपल्यावर साधारण ९० दिवसांत संबंधिताला कळवावं लागतं, न्यायालय कारण बघून ते पुढे ढकलू शकतं. ब्रिटनमध्ये २०१६च्या कायद्याप्रमाणे मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताची दुसरी सही लागते, तातडीत ती मागून घेता येते. आपल्याकडे यातलं पहिलं तरी आणावं. तपास संपला, आरोप ठेवला नाही, तर वर्षभरात एक बंद पाकीट घरी यावं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तुमचा हा नंबर ऐकला, आदेश क्रमांक हा. ते जाईपर्यंत आदेश आणि अर्ज नष्ट करायचे नाहीत, रेकॉर्डिंग मात्र लगेच नष्ट करायचं.

खाकीतला

दहशतवाद आणि हेरगिरीची प्रकरणं वगळून असेल तर माझी हरकत नाही. पाकीट जाणार आहे हे माहीत असेल तर मागणी लिहिणारा अधिकारीच नंबर दोनदा तपासेल.